जुम्मा बाजारातलं ‘रोलेक्स’

शाळेला सुट्टी होती. फज्रनंतर आम्ही कांजूरमार्गला राहणाऱ्या भाच्याबरोबर धीमी लोकल पकडली आणि सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार गाठला. शुक्रवारी मटन स्ट्रीटची दुकानं बंद, पण रस्त्यावर जुम्मा बाजार भरलेला. भाच्याला नकली घड्याळं उघडून पाहायचा नाद. त्याने एक ‘रोलेक्स’ कानाला लावलं, हसला आणि घासाघीस करून घेतलं.

जुम्म्याची नमाज पढून घरी आलो. खिडकीशी बसून त्याने मागचं झाकण काढलं. “मामू, अस्सल रोलेक्सचे सेकंदाला आठ ठोके, म्हणून काटा सरकत जातो. हा दर सेकंदाला उडी मारतो. आत सेलचं मशीन आहे.” शेजारी आमच्या अब्बांचं एचएमटी ‘जनता’ होतं. रोज चावी द्यायची, सतरा ज्वेल, सेकंदाला पाच ठोके. ते त्यानेच साफ करून चालू केलं होतं.

तेवढ्यात शेजारचे चाचा आले. “दे आम्हाला. जावयाला अस्सल म्हणून देऊ. तू म्हणशील तो भाव.”

भाच्याची फी भरायची होती. खरं सांगतो, आम्ही गप्प राहिलो.

तो म्हणाला, “चाचा, बनावट छापाचा माल विकणं गुन्हा आहे. आणि जावयाला धोका कशाला?”

चाचा गेल्यावर त्याने सुईने झाकणावर ‘नकली’ असं कोरलं. वर्गात इमानदारीचा धडा आम्ही शिकवतो. त्या दिवशी तो शिकून परतलो.