दिसत नाही ते दुखणं

गडचांदूर

चि. पोरी,

तुझ्या मायनं फोनवर सगळं सांगितलं. हॉस्टेलात कळ उठली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "परीक्षा आली का हिचं सुरू होते." आणि तू मायलाच विचारलंस, "मला जन्म कायले दिला?" तुझा संताप मला कळतो. सिकलसेल माझ्याही रक्तात आहे.

या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पुढे प्राणवायू पोचत नाही आणि हाडं आतून फुटल्यागत ठणकतात. बाहेरून मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली पोरगी तेवढी दिसते. खरं सांगते, ठणक्याहून 'नाटक' हा शब्द जास्त लागतो. तरी दुखणं पटवून देण्यात जीव आटवू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे. कॉलेजात सवलत मागताना मान खाली घालू नकोस.

कळ नसते तेव्हाची भीतीही मला ठाऊक आहे. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, दगदग झाली की मन धास्तावतं. लोक वरोऱ्याच्या बाबा आमट्यांचं उदाहरण देतात. मणक्याच्या आजारानं त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशा पाठीनं ते १९८५ साली भारत जोडो यात्रेला निघाले. त्यांच्याएवढी हिंमत तू दाखवावीस असं मी म्हणणार नाही. त्यांनी शरीराला जमेल तशी कामाची रीत बदलली, तेवढंच घे. ज्या दिवशी उठवत नाही, त्या दिवशी झोपून राहा. रडू आलं तर रड.

आता मायचं. ती आणि तुझे बाबा दोघंही सिकलसेलचे वाहक. त्यांना स्वतःला कधी त्रास झाला नाही आणि लग्नाआधी रक्त तपासायचं कुणी सुचवलंही नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात कुणाचाच गुन्हा नाही. तुला कळ आली की ती मात्र रात्र रात्र स्वतःला दोष देत बसते. तुम्ही दोघी एकाच दुखण्यानं पोळता आहात आणि एकमेकींपासून लपवता आहात, याचं मला फार वाईट वाटतं.

हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवू नकोस. डॉक्टरांना हाडांबरोबर मनाचंही सांग. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर तेही. रात्री कुणी नसेल तर १४४१६ वर टेलिमानस हेल्पलाइनला फोन लाव, पैसे लागत नाहीत. आणि आज मायशी बोल.

तुझी मावशी