सज्ञान कोण?

भोपाळच्या माझ्या कचेरीत एका पावसाळी संध्याकाळी १३ वर्षांची मुलगी धाकट्या भावाचा हात धरून आली. आईबाप एड्सने गेलेले. भावाच्या रक्तातही एच.आय.व्ही., आणि आता क्षयाचा संशय. लहान मूल थुंकी गिळून टाकते. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव तपासावा लागतो. त्याला पालकाची संमती हवी होती. “पालक मीच,” ती म्हणाली.

आम्हां वकिलांच्या लेखी १८ वर्षांखालील माणूस अज्ञान. परंतु २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याचे ३२ वे कलम, १२ वर्षे पूर्ण झालेल्या, कुटुंब सांभाळणाऱ्या समंजस भावंडाला धाकट्याच्या उपचारांसाठी पालक मानते. मी त्याची प्रत तिच्या हाती ठेवली.

निघताना ती म्हणाली, “क्षयाच्या औषधाने एच.आय.व्ही.च्या काही गोळ्यांचा असर उतरतो ना? मात्रा बदलावी लागेल, डॉक्टरांना विचारीन.” रिफॅम्पिसिनचा हा गुण मला ठाऊक नव्हता. तिच्या समंजसपणाचा आणखी पुरावा कोणता हवा?

त्या भावाला पालक लाभला. तिला कोण, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही. ती रुखरुख अजून आहे.