तसबीर सावित्रीमाईची, सही कुणाची?

दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांत सावित्रीमाईंच्या जयंतीला जातो. कधी बोलायला, कधी नुसते ऐकायला. कार्यक्रम ठरलेला. तसबिरीला हार, प्राध्यापिकेचे सूत्रसंचालन, मुलींची भाषणे आणि शेवटी अध्यक्षीय समारोप. अध्यक्ष बहुतेक वेळा पुरुष. बाजूला बसलेले संस्थेचे पदाधिकारीही पुरुष. त्या रांगेत आम्हीही अनेकदा बसलो आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो.

एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर बी.ए.ची एक विद्यार्थिनी आमच्याजवळ आली. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातली, वसतिगृहात राहून शिकणारी. म्हणाली, "दादा, फोटो माईंचा आहे, पण माझ्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर आजवर एकाही बाईची सही झालेली नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

सावित्रीमाई म्हटले की आपल्याला पुण्याची १८४८ ची शाळा आठवते. पण आपल्याच तालुक्यातल्या ओतूरला त्या राहून गेल्या, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? २० एप्रिल १८७७ ला त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. दुष्काळ पडला होता. माणसे-जनावरे मरत होती, सावकार लुटत होते आणि सत्यशोधक कार्यकर्ते गावोगाव मदत उभी करत होते. त्यातल्या पन्नासेक जणांना सरकारने पकडले. तेव्हा माई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या, आपल्या माणसांची बाजू मांडली, त्यांना सोडवले आणि ज्वारीच्या चार गाड्याही मिळवल्या.

मित्रहो, याला नेतृत्व म्हणतात. सत्तेसमोर बसून निर्णय बदलून घेणे, माणसे आणि धान्य दोन्हींची जबाबदारी अंगावर घेणे. आपण मात्र माईंना फक्त 'पहिली शिक्षिका' करून ठेवले. शिक्षिकेला हार घालून मोकळे होता येते. प्रशासक बाई मान्य केली की तिला खुर्ची द्यावी लागते.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला माईंचे नाव मिळाले. त्या मागणीत आमचाही आवाज होता, त्याचा अभिमान आहे. पण नाव मिळाले म्हणजे अधिकार मिळाला, असे होत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ ला स्थापन झाले आणि तिथे पहिली स्त्री कुलगुरू, डॉ. स्नेहलता देशमुख, १९९५ ला आल्या. मधे १३८ वर्षे गेली.

कुणी म्हणेल, आता मुली शिकतात, वेळ आली की वर जातील. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली आहेत, म्हणजे जवळपास निम्म्या. शिक्षकांत मात्र दर १०० पुरुषांमागे ७७ स्त्रिया. वर्गातून टेबलापलीकडे जातानाच गळती सुरू होते. मग प्राचार्यांच्या केबिनपर्यंत काय होत असेल?

ही वाट कशी आहे ते समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्य व्हायला पीएच.डी., किमान १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० संशोधन लेख लागतात. आमच्या ओळखीच्या कितीतरी नेट-सेट झालेल्या भगिनी तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षी तास मिळतील याची खात्री नाही. चाळिशीपर्यंत कायम नेमणूकच झाली नाही, तर पंधरा वर्षे मोजायची कुठून? त्यात घरचे, मुलांचे, म्हाताऱ्यांचे सगळे तिच्याच अंगावर. संशोधन ती रात्री अकरानंतर करते.

आणि आरक्षण? महाविद्यालयात प्राचार्यपद एकच. एकाकी पदाला आरक्षण लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९८ चा निकाल आहे. म्हणजे ज्या खुर्चीवर निर्णय होतो, तिथे पोचता पोचता संविधानाने दिलेला आधार हातातून सुटतो.

म्हणूनच 'एक बाई बसवली की झाले' हेही आम्हाला मान्य नाही. कोणती बाई, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नागपूरच्या कुमुद सोमकुवर संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या, तरी त्यांना नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर त्या कुमुद पावडे झाल्या आणि मग नेमणूक झाली. 'अंतःस्फोट'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पदवी तीच, बाई तीच, बदलले फक्त आडनाव. दलित, आदिवासी, भटक्या समाजाच्या लेकींसमोर दारे दोन आहेत, बाईपणाचे आणि जातीचे. एक उघडले म्हणून दुसरे उघडत नाही.

आता आपल्या घरात येऊ. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे सांगितले. त्या परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आणि आमच्या जयंती समितीत? अनेक वर्षे अध्यक्ष पुरुष, खजिनदार पुरुष. भगिनींकडे 'महिला आघाडी' आणि भोजन व्यवस्था. पावतीपुस्तकावर बाईची सही आम्हीही कधी येऊ दिली नव्हती. संस्थाचालकांना जाब विचारणारे आम्ही त्या बाबतीत त्यांच्यापेक्षा वेगळे नव्हतो. त्या मुलीच्या बोलण्याने पहिल्यांदा आम्हालाच लाज वाटली. पुढच्या वर्षी खजिनदारपद एका ताईंकडे गेले. हिशेब वर्गणीदारांसमोर वाचून दाखवण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली. आधी ती नव्हती.

जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावच्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच. येत्या ३ जानेवारीला हार घालाच, पण सोबत तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्या महाविद्यालयाच्या विकास समितीत स्त्रिया किती, आणि त्यांत दलित-आदिवासी किती? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिका किती वर्षे तशाच आहेत? आजवरच्या प्राचार्यांच्या यादीत बाईचे नाव आहे का? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. आणि हेच प्रश्न आपल्या मंडळाला, आपल्या संघटनेला आधी विचारा.

ओतूरला माईंनी कलेक्टरकडून ज्वारी मिळवली, ती कुणाच्या कृपेने नाही, हक्काने बोलून. त्यांच्या लेकींना तसबिरीखाली उभे करून टाळ्या वाजवणे पुरे झाले. आता त्यांच्या हाती शिक्का आणि पेन द्या.

जय भीम! जय सावित्री!