कमरेचे माप

शिंप्यापुढे उभे राहून पोट आत ओढण्याची कला मला चाळिशीनंतर साधली. वाईला आमच्या घराजवळ एक म्हातारे शिंपी आहेत. दर दिवाळीची पँट मी त्यांच्याकडेच शिवतो. यंदा श्रावणातच गेलो होतो. त्यांनी कमरेभोवती फीत टाकली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नि शांतपणे म्हणाले, "मास्तर, आता श्वास सोडा. पँट घालून तुम्हांला श्वासही घ्यायचाय."

मी श्वास सोडला. फीत दोन बोटे सरकली.

"डोंबिवली मानवली म्हणायची!" वहीत आकडा टिपीत ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त हे वाक्य माझ्या शेजारी बसून आले. खरेच का एखादे गाव माणसाला मानवते नि दुसरे मानवत नाही? आपल्याकडे याविषयी मतांना तोटा नाही. पुणेकर म्हणतो, मुंबईकर वडापावाने सुटतो. मुंबईकर म्हणतो, पुणेकर दुपारच्या झोपेने. आणि दोघे मिळून पोहे-जिलबी खाणाऱ्या इंदूरकराकडे बोट दाखवतात. स्वतःच्या गावाचे पोट कोणालाच दिसत नाही.

सरकारी पाहणीला मात्र ते दिसते. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागायचे. उत्तर पंचवीस किंवा त्याहून अधिक आले की माणूस जादा वजनाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९–२१ मध्ये हा भागाकार केला, तेव्हा देशातल्या शहरांत शंभरातल्या ३३ स्त्रिया या रेषेपलीकडे निघाल्या, खेड्यांत २०. महाराष्ट्रात २३, तर दिल्लीत ४१! आणि २००५–०६ मध्ये साऱ्या देशाचा आकडा १३च्या आसपास होता. तो पंधरा वर्षांत २४वर गेला. तेव्हा गावागावांत फरक आहे, हे खरेच. पण दिल्लीकर आपल्यापेक्षा जवळजवळ दुपटीने खादाड आहेत, असे काही माझ्याने म्हणवत नाही.

याचा उलगडा मला झाला तो लंडनच्या बसमध्ये. म्हणजे तिच्याविषयी वाचताना. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसगाड्यांच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी तीच, रस्ते तेच, धूर तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या वरखाली करणारा. हृदयविकाराने ड्रायव्हरांना अधिक गाठले होते. पुढे १९५६ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माझ्या वाईच्या शिंप्याप्रमाणे, गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या! ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांहून रुंद निघाल्या. गंमत अशी की तरुण ड्रायव्हरांच्याही. तेव्हा सारा दोष खुर्चीचाच, असे म्हणता येत नाही. पण कमर बारीक असो वा रुंद, धोका खुर्चीवरच्यालाच जास्त होता.

एका बसमध्ये जणू दोन शहरे होती: एक बसलेले, एक चढणारे.

मग मी माझ्या स्वतःच्या दोन डोंबिवल्या आठवून पाहिल्या. पहिलीत मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, लिफ्ट नव्हती. दळणाचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीत जायचे, शाळेत पायी जायचे. आता सातवा मजला, लिफ्ट, दाराशी रिक्षा. पीठही पिशवीत भरून घरपोच येते. पोळ्या पूर्वी सहा खात होतो, आता तीन खातो. पोळ्या निम्म्या झाल्या आणि फीत दोन बोटे वाढली! शहराने मला जास्त जेवू घातले नाही. त्याने माझ्या पायऱ्या काढून घेतल्या.

इथवर हा विचार मोठा सुखाचा होता. पण पायऱ्यांवरून मला एक मुलगा आठवला.

काही वर्षांपूर्वी तो माझ्या सातवीच्या वर्गात होता. स्नेहसंमेलनासाठी बकासुराचे नाटुकले बसवायचे होते. "बकासुर काही शोधायला नको," असे मी त्याच्याकडे पाहून म्हणालो. वर्ग खो खो हसला. तोही हसला, त्याच्या हसण्याला मी होकार समजलो. महिन्याभराने त्याची आई भेटायला आली. मुलगा डबा उघडतच नाही, भरलेला परत आणतो आणि रात्री एकटा बसून खातो, असे सांगू लागली. बाई सकाळच्या लोकलने मुंबईला कामावर जात, रात्री आठला परतत. मुलगा व्हॅनमधून शाळेत येई, व्हॅनमधून घरी जाई. इमारतीच्या अंगणात मोटारी उभ्या असत नि भिंतीवर 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. खुर्चीवर त्याला आम्हीच बसवले होते. आणि मी त्याला राक्षस म्हणून मोकळा झालो होतो.

त्यातून डोळ्यांची साक्ष किती खोटी! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचीच मापे प्रसिद्ध केली. वजन-उंचीचा भागाकार दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून सडपातळ असतोच असे नाही. त्या दिवशी वर्गात हसणाऱ्या काटकुळ्या पोरांच्या पोटात काय साठत होते, ते मला कुठे ठाऊक होते?

गेल्या दिवाळीत तो फराळाचा डबा घेऊन आला. आता कॉलेजात आहे. मी लाडवाची बशी पुढे केली.

"नको सर, खाऊन आलोय."

अजूनही! मी म्हणालो, "त्या नाटकाबद्दल तुझी माफी मागायची राहून गेलीय रे माझी."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने एक चकली उचलली, मोडली आणि अर्धी खाल्ली.

निघताना लिफ्ट दारात उभीच होती. "चल, पायऱ्यांनी तुला खाली सोडतो," मी म्हणालो. चौथ्या मजल्यावर माझे गुडघे बोलू लागले. तो दोन पायऱ्या पुढे होता, थांबला.

"सर, बकासुराचे सगळे संवाद अजून पाठ आहेत मला," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. मग तो दोन पायऱ्या वर आला, "सावकाश, सर," म्हणाला, आणि उरलेले मजले आम्ही बरोबर उतरलो.