बुडीत खाते

गेल्या वर्षी आमच्या वाणिज्य मंडळाने 'मला भावलेला उद्योजक' या विषयावर निबंधस्पर्धा ठेवली होती. बहुतेकांनी टाटा, किर्लोस्कर अशी थोर नावे घेतली. ते साहजिकच होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर आमच्या बेळगावातच सायकलचे दुकान थाटून उद्योगाचा श्रीगणेशा केला. मी मात्र एका अशा गृहस्थाचे नाव दिले, की ज्याची कंपनी बुडाली. सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "अगं, बुडालेल्या माणसाबद्दल तू काय लिहिणार?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते मला पुढे दिवाळीच्या सुट्टीत, निसरपुरला, मामांच्या दुकानात मिळाले.

आधी त्या गृहस्थाविषयी सांगते. त्यांचे नाव के. वैथीश्वरन. आज आपण मोबाईलवर बोट टेकवतो आणि चार दिवसांत वस्तू दारात येते. ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये मायकेल आल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये दूरचित्रवाणीचा संच टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडून खरेदीची युक्ती काढली. १९८४ मध्ये गेट्सहेड गावच्या जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजीबाईंनी घरबसल्या अंडी, मार्गारिन आणि कॉर्नफ्लेक्स मागवले. ज्यांना दुकानापर्यंत चालत जाणे कठीण, त्यांच्यासाठी ती सोय होती.

आपल्याकडे हे धाडस झाले ते १९९९ मध्ये, आणि तेही आपल्या कर्नाटकातच! बंगळूरला वैथीश्वरन आणि त्यांचे पाच सहकारी अशा सहा जणांनी मिळून 'फॅबमार्ट' काढले. सुरुवात गाण्यांच्या कॅसेट आणि सीडींपासून झाली. तो काळ कसा होता? सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागून जेमतेम चार वर्षे झालेली. टेलिफोनच्या तारेवर कुरकुर आवाज करीत जोडणी लागायची आणि मध्येच तुटायची. क्रेडिट कार्ड थोड्यांकडे, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना त्याचा नंबर न पाहिलेल्या दुकानदाराला देण्याची धास्ती. ज्या दुकानाला ओटा नाही, फळी नाही, गल्ल्यावर बसलेला शेठ नाही, त्याच्यावर लोकांनी विश्वास तरी कसा ठेवावा?

पुढे या मंडळींनी बंगळूरमध्ये किराणा मालाची खरीखुरी दुकानेही काढली. ती नंतर आदित्य बिर्ला समूहाकडे गेली. वैथीश्वरन यांनी मात्र संगणकावरचे दुकान सोडले नाही. 'इंडियाप्लाझा' या नावाने ते चालवीत राहिले. परंतु जो पहिली वाट पाडतो, त्याच्याच पायात काटे मोडतात. २००७ मध्ये बंगळूरलाच फ्लिपकार्ट सुरू झाले. वस्तू हाती आल्यावर रोख पैसे देण्याची सोय त्यांनी २०१० मध्ये केली आणि गिऱ्हाइकांची भीती गेली. मग मोठमोठी भांडवले आली आणि तोटा सोसून स्वस्त विकण्याची शर्यत लागली. इंडियाप्लाझाजवळचा पैसा संपला, माल पुरवणाऱ्यांची देणी थकली आणि २०१३ मध्ये कंपनी बंद पडली. फॅबमार्टच्याच काही जुन्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काढलेले 'बिगबास्केट' मात्र तगले आणि २०२१ मध्ये टाटांच्या छत्राखाली गेले. एकाच बियाण्याची दोन रोपे; एक वाढले, एक करपले.

असो. आता निसरपुरकडे वळते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, कुक्षीजवळ, नर्मदेच्या काठच्या मुलखात हे माझे आजोळ. पवारांच्या धार संस्थानाच्या काळात आईचे पूर्वज तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मामांचे गावात किराणा आणि भांड्यांचे दुकान होते. 'होते' असे म्हणते, कारण ते गाव आता त्या जागी नाही. सरदार सरोवराचे पाणी सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला चढले आणि जुन्या निसरपुरची घरे, बाजार, देवळे त्याखाली गेली. लहानपणी ज्या ओट्यावर बसून मी गूळ-शेंगदाणे खाल्ले, तो ओटाही गेला. मामांनी पुनर्वसनाच्या वसाहतीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत, पुन्हा दुकान मांडले.

दिवाळीला जाण्यापूर्वी मी मोठ्या हौसेने मामींसाठी एक कुकर मोबाईलवरून मागवला होता. बेळगावहून ओझे कोण नेणार? शिवाय दीडशे रुपये स्वस्त! मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुकर आला. मामींनी कौतुकाने खोके उघडले. मामांनी एकदा कुकरकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता दुकानात निघून गेले. मी पाठोपाठ गेले. वरच्या फळीवर अगदी तसाच कुकर होता. त्यावर धूळ बसली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी म्हटले, "मामा, चुकलं माझं. तुम्हांला विचारायला हवं होतं."

मामा हसून म्हणाले, "अगं बेटा, तुझं काय चुकलं? सगळी दुनियाच तशी घेते आता." पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री ते नव्या वहीत जुनी येणी उतरवीत बसले होते. मी आपले पुस्तकी ज्ञान पाजळावे म्हणून मदतीला बसले. पाने चाळताना पाहते तो कित्येक नावांपुढे २०१९ नंतर एक पैसाही जमा नाही. गाव उठले तेव्हा कोणी या वसाहतीत गेले, कोणी त्या. कोणाचा पत्ताही नाही. मी म्हटले, "मामा, हिशेबशास्त्रात अशा येण्यांना बुडीत म्हणतात. ही सरळ बुडीत खाती टाका. दर वर्षी कशाला हाताने उतरवता?"

मामांची लेखणी थांबली. ते म्हणाले, "बुडालं ते घर. बुडाला तो ओटा. माणसं कुठं बुडालीत, बेटा? आली तर त्यांचं नाव वहीत सापडायला नको?"

मग त्यांनी सांगितले, की पाणी चढू लागले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हलवली ती या वह्यांची पत्र्याची पेटी. माल नंतर. आणि कुक्षीच्या घाऊक व्यापाऱ्याचे स्वतःकडचे देणे त्यांनी तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने फेडले. "मी त्याला बुडवलं असतं, तर त्यानंही मला बुडीत खाती टाकलं असतं. मग नव्या गावात मला उधार माल कोणी दिला असता?"

दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक पोरगा मोटारसायकलवरून दुकानापाशी उतरला. त्याच्या हातातल्या पुडक्यावर पत्ता होता 'बसस्टँडच्या मागे'. कुठला बसस्टँड? तो तर पाण्यात! मामांनी नाव वाचले आणि म्हणाले, "हा तिसऱ्या गल्लीतला. आता शेतावर असेल. ठेव इथं, मी देतो." पोरगा निश्चिंतपणे आणखी दोन पुडकी ठेवून निघून गेला. ते त्याचे नेहमीचेच होते. ज्या व्यापाराने मामांचे गिऱ्हाईक नेले, त्याच व्यापाराला या वसाहतीत माणूस शोधायला मामांची ओळख लागत होती!

"मामा, याचे ते तुम्हांला काय देतात?" मी विचारले.

"काही नाही. पण पुडकं न्यायला आलेला माणूस कधी साबणाची वडी नेतो, कधी काडेपेटी."

संध्याकाळी पूजेच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ लांबच्या वसाहतीतून बसने आले. त्यांनी कनवटीचे दोनशे रुपये काढून मामांपुढे ठेवले. "लिहून घ्या शेठ, बाकीचे कापूस विकल्यावर." मामांनी वही उघडली. नाव होते. आदल्या रात्रीच, माझा सल्ला धुडकावून, त्यांनी ते उतरवले होते. सगळेच काही असे येत नाहीत, हेही खरे. वहीतली पुष्कळ नावे अजून मुकीच आहेत.

बेळगावला परतल्यावर मी निबंध पुरा केला. वैथीश्वरन यांनी २०१७ मध्ये आपल्या अपयशाची कहाणी स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यातून ते उठले आणि त्यांनी पेयांचा नवा व्यवसाय काढला. त्याचे नावच 'अगेन', म्हणजे 'पुन्हा'. कंपनी बुडाल्यावर तोंड लपवणारे पुष्कळ असतात. हा माणूस चुकांची वही उघडून लोकांपुढे बसला. सरांच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर लिहिले : पैसा बुडाला, दुकान बुडाले, तरी ज्याने आपली वही बुडू दिली नाही, त्याला बुडालेला म्हणू नये.

स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. पण यंदाच्या दिवाळीला निसरपुरला जाताना मी मोबाईलवरून काही मागवणार नाही. फळीवरचा तो कुकर अजून तसाच असेल, तर तो आईसाठी विकत घेईन. आणि मामांना दीडशे रुपये जास्तच देईन, उधार न ठेवता!