मीठ टाकू का?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याला मासे घेतले, की पिशवीला रबर लावता लावता दुकानदार सांगतोच, "घरी गेल्यावर टाकीत मूठभर जाडं मीठ टाका." दुकानापुरता हा सल्ला बरोबर आहे. त्याच्याकडचा मासा नुकताच लांबचा प्रवास करून आलेला असतो. जाळ्यात धरताना त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेलेला असतो, धास्तीने कल्ल्यांतून क्षार गळत असतात. त्याला सौम्य खारट पाणी मिळालं तर तो तगून जातो. पण तोच मासा आपल्याकडे रुळला, तुरुतुरु खायला वर येऊ लागला, तरी दर रविवारी मूठ चालूच राहते. माझा आक्षेप या चालू राहण्याला आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मिठाच्या तोलाचे क्षार असतात. भोवतालच्या पाण्यात ते नावालाच. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सतत त्याच्या अंगात शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. हा मासा पाणी जवळपास पीतच नाही. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तशी त्याची मूत्रपिंडं अहोरात्र पातळ लघवी बाहेर टाकतात, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून सोडियम, क्लोराइड वेचून आत घेतात. लिटरला ३ ग्रॅम मीठ घातलं की आतल्या-बाहेरच्या पाण्यातला फरक तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो आणि दमलेल्या माशाचा भार हलका होतो. निरोगी माशाला या मदतीची गरज नसते. त्याचं शरीर याच कामासाठी घडलेलं आहे.

मिठाचा सर्वांत सुंदर उपयोग मला नायट्राइटच्या बाबतीत वाटतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतला आठवीतला मुलगा धापा टाकत वर आला. "काकू, गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडतायत. पंप चालू आहे. मीठ टाकू का?" टाकी नवी होती आणि मासे एकदम भरलेले. पाणी तपासलं तर परीक्षानळीत लख्ख जांभळा रंग आला. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू आधी जम बसवतात, नायट्राइटचं नायट्रेट करणारे मागून येतात. मधल्या दिवसांत नायट्राइट साठतं. कल्ल्यांतल्या ज्या वाटेने क्लोराइड आत जातं, त्याच वाटेने तेही रक्तात घुसतं आणि हिमोग्लोबिन निकामी करतं. रक्त तपकिरी होतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो, म्हणून पंपाचा उपयोग होत नाही.

अशा वेळी पाण्यात क्लोराइड वाढवलं की त्या वाटेवर गर्दी होते आणि नायट्राइट बाहेर राहतं. नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड ठेवावं, असा मत्स्यशेतीतला ठोकताळा आहे. त्या मुलाच्या टाकीत जेमतेम ४५ लिटर पाणी होतं. साडेचार ग्रॅम मीठ पुरलं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. एवढ्याने लिटरला ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळतं. आधी निम्मं पाणी बदललं, मग मीठ वेगळ्या मगात विरघळवून हळूहळू सोडलं, आणि खाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी गप्पी मधल्या पाण्यात उतरले होते. मूठभर मिठाने याहून जास्त काही साधलं नसतं.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला मात्र चमचा पुरत नाही. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली दडलेला परजीवी, आणि तिथे मीठ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पिकून गळून पडतो, तळाशी कोष करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. मिठाचा घाव बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून लिटरला २ ते ३ ग्रॅम प्रमाण दहा दिवस ते दोन आठवडे टिकवावं लागतं. चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून थांबलं, की रोग परत येतो. हे काम शक्यतो वेगळ्या टाकीत करावं. काबोम्बासारख्या नाजूक वनस्पती आणि गोगलगायी एवढं मीठ सहज सोसत नाहीत.

मिठाबद्दल सर्वांत कमी बोललं जातं ते हे, की ते उडून जात नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी बोटभर उतरतं, आपण वरून नळाचं ओततो. उडालं ते फक्त पाणी, मीठ सगळं आत राहिलं. त्यात पुन्हा चमचा, पुन्हा मूठ. काही महिन्यांनी त्या पाण्यात किती मीठ आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि माशाला काय झालं हेही मग कळत नाही. वर भरलेल्या पाण्यात मीठ घालायचंच नाही. काढून टाकलं, तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने घालायचं. लिटरही मोजूनच घ्यावेत. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर ५६ लिटरची भरते, पण रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ उरतात. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरते, कारण जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा वजनात सारखे नसतात.

मीठ जे करत नाही, त्याचंही श्रेय त्याला दिलं जातं. ते क्लोरीन मारत नाही, त्याला थायोसल्फेट लागतं. पाण्याचा जडपणा वाढवत नाही, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. अमोनिया तर ते उलट वाढवू शकतं. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल, तर मिठाच्या पाण्यात ते आजवर धरून ठेवलेला अमोनिया सोडून देतं. झिओलाइट आधी बाहेर काढावं, मगच मिठाला हात लावावा. आणि आयोडीनयुक्त मिठाची भीती अगदीच निराधार आहे. आपल्याकडे घरात पोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम आहे. त्या हिशेबाने ३ ग्रॅम मिठातून लिटरला ४५ मायक्रोग्रॅम आयोडीन येतं. समुद्राच्या पाण्यात याहून थोडं जास्तच असतं.

मासा कुठला आहे, हे मी नेहमी आधी विचारते. कार्डिनल टेट्रा ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो खोऱ्यातला. तिथलं पाणी जवळपास पावसाच्या पाण्याइतकं निःक्षार असतं. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला पट्टेरी झेब्रा लोच आणि केरळ-कर्नाटकातल्या घाटांमधला मिस केरळ वाहत्या ओढ्यानद्यांतले. यांच्या टाकीत कायमचं मीठ ठेवणं मला पटत नाही. झेब्रा लोच तर निसर्गातच संकटग्रस्त ठरलेला आहे, त्याच्यावर घरी आणखी प्रयोग नकोत. मोलीचं वेगळं. तिचे भाईबंद मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्यातही राहतात. गोव्यातल्या खाजनांत आणि कोकणच्या खाड्यांत वाढणारा कालुंदर भरती-ओहोटीची सवय घेऊनच येतो. पण अशा माशांसाठी खारं पाणी करायचं, तर समुद्री मत्स्यालयाचं मिश्र मीठ घ्यावं. स्वयंपाकाच्या मिठात त्यांना लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं.

उपचार संपला की मीठ काढण्याचं काम उरतं, आणि लोक तेच विसरतात. दर खेपेला एक तृतीयांश पाणी बदललं, तर ३ ग्रॅमचे २ होतात, मग १.३, मग ०.९. सहाव्या बदलानंतरही पाव ग्रॅम शिल्लक असतं. म्हणून मीठ घालतानाच मी काचेवर चिकटपट्टी लावते. त्यावर तारीख, ग्रॅम आणि लिटर लिहिते, आणि प्रत्येक बदलानंतर उरलेला आकडा खाली मांडत जाते. आकडा पाव ग्रॅमवर आला की पट्टी काढते, वनस्पती आणि गोगलगायी परत सोडते, आणि झिओलाइट धुऊन पुन्हा फिल्टरमध्ये भरते.