गांधीलमाशी

राहुरीच्या मळ्यांतील घरांच्या वळचणीला गांधीलमाश्यांचे पोळे दिसताच मुलांचा हात दगडाकडे जातो. परंतु ही माशी वैरीण नव्हे. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून ती कागदी घर रचते आणि पिकांवरील अळ्या वेचून पिलांना भरविते. उसातील किडीची अंडी नष्ट करण्यासाठी शेतकरी जे चिमुकले ट्रायकोग्रामा कीटक सोडतात, तेही तिचेच आप्त होत.

पोळे धोक्यात आल्यावाचून ती सहसा दंश करीत नाही; मात्र मधमाशीसारखी तिची नांगी जखमेत अडकत नाही, त्यामुळे ती पुनःपुन्हा डसू शकते. म्हणून उंचावरचे पोळे राहू द्यावे. दारावरचे जाणत्या माणसाकडून काढवावे. दंशावर गार पाण्याची पट्टी ठेवावी. श्वास कोंडू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. उपकारी शेजाऱ्याशी अंतर राखून वागण्यातच शहाणपण आहे.